मेकॅनिकची टूल ट्रॉली : कोणता पाना कोणत्या खणात

टूल ट्रॉली म्हणजे चाकांवर उभे केलेले, एकाखाली एक खण असलेले पोलादी कपाट. उंची साधारण कमरेइतकी, खण पाच ते सात, वर रबरी चटई अंथरलेला सपाट माथा, एका बाजूला ढकलायची मूठ. मेकॅनिकने हत्यारांकडे फेऱ्या मारू नयेत, हत्यारेच गाडीपर्यंत यावीत, हा तिचा हेतू. पण ट्रॉली विकत आणल्याने हा हेतू साधत नाही. जुन्या पेटीत तळाचा पाना काढण्यासाठी वरचे सगळे उपसावे लागे; खणांत हत्यारे हाताला येतील तशी टाकली तर ट्रॉलीतही तेच होते. ट्रॉलीचा सगळा उपयोग तिच्या मांडणीत आहे, आणि मांडणी ठरते ती गॅरेजात कोणत्या गाड्या येतात त्यावरून.

सोलापूरच्या गॅरेजवाल्यांना हे विशेष लागू पडते. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि धुळ्याकडून विजयपूरकडे जाणारा महामार्ग या शहरात एकमेकांना भेटतात. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर सत्तरच्या वर. शिवाय गाणगापूरची वाट इथूनच. त्यामुळे दर्शनाला निघालेल्या परगावच्या मोटारी वाटेत बिघडून सोलापूरच्या गॅरेजात येतात. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रकही येतात, कारण राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. एकाच कंपनीच्या गाड्या हाताळणाऱ्या शोरूमच्या वर्कशॉपला ठरावीक संच पुरतो. इथे सकाळी जपानी वळणाची छोटी मोटार, दुपारी पिकअप आणि संध्याकाळी ट्रॅक्टर अशी कामे येतात. लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन निघालेले कुटुंब बाहेर बाकावर थांबलेले असताना पाना शोधण्यात गेलेला वेळ हा त्या कुटुंबाचाही वेळ असतो.

मांडणीची सुरुवात खण भरण्यापासून होत नाही, खण रिकामे करण्यापासून होते. सगळी हत्यारे जमिनीवर गोणपाटावर काढून तीन ढीग करावेत : रोज लागणारी, आठवड्या-पंधरवड्याने लागणारी आणि क्वचित लागणारी. तिसरा ढीग ट्रॉलीत ठेवूच नये. त्याची जागा भिंतीवरच्या कपाटात. याच वेळी खराब हत्यारे निवडून काढावीत. तोंड पसरलेला पाना नटाचे कोपरे गोल करतो आणि मग दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागतात. हातोडीचे घाव खाऊन डोके फुललेली छिन्नी त्याहून वाईट, कारण तिच्या कडेचा पोलादी कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. अशी छिन्नी ग्राइंडरवर घासून नीट करता येते. पसरलेला पाना मात्र भंगारात गेलाच पाहिजे. ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून तो तळाच्या खणात टाकला की घाईच्या वेळी नेमका तोच हातात येतो.

रोजच्या हत्यारांत पहिला मान पान्यांचा. बाजारात मिळणाऱ्या बारा नगांच्या डबल पान्यांच्या संचात ६-७ पासून ३०-३२ पर्यंतची मापे असतात. ती सगळी सारखी लागत नाहीत, आणि त्यामागे बोल्टच्या मापांचे गणित आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके बहुतेक गाड्यांत १० मिलिमीटरचे असते. ८ मिलिमीटरच्या बोल्टला मारुती सुझुकी किंवा टोयोटासारख्या जपानी घराण्याच्या गाड्यांत १२ चे डोके असते, तर युरोपीय वळणाच्या गाड्यांत १३ चे. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी पद्धतीत १४ आणि युरोपीय पद्धतीत १६ किंवा १७. १२ मिलिमीटरच्या बोल्टला जपानी पद्धतीत १७, युरोपीय पद्धतीत १८ किंवा १९. म्हणजे १०, १२, १३, १४, १७ आणि १९ या सहा मापांत दिवसाचे बरेचसे काम उरकते. १२-१३ चा पाना तर दोन्ही घराण्यांना चालतो, म्हणून मेकॅनिक तो दिवसभर मागत असतो.

ही सहा मापे वरच्या खणात स्वतंत्र ओळीत ठेवणे हा मांडणीतला सर्वांत फायद्याचा निर्णय आहे. पाने आणि गोट्या (सॉकेट) दोन्ही तिथेच असावेत, मग संच मोडला तरी चालेल. पूर्ण संच क्रमाने लावलेला दिसायला सुंदर असतो, पण हात क्रमाने चालत नाही. स्वयंपाकघरात हळद, तिखट, मोहरी मिसळणाच्या डब्यात आणि बाकीचे मसाले फडताळात असतात, तसाच हा वरचा खण. १० ची गोटी मात्र दोन नग ठेवावी. ती सर्वांत जास्त वापरली जाते, आकाराने लहान असते आणि इंजिनाच्या खालच्या पत्र्यात पडून सर्वांत जास्त वेळा हरवते.

गोट्यांचा संच ही कल्पना आज सगळ्यांच्या हातात आहे, पण ती तशी अलीकडची. १९२० साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जोसेफ जॉन्सन यांनी पाच दांडे आणि त्यांना बदलून लावता येणाऱ्या दहा गोट्या असा संच विकायला काढला; त्यातून पुढे स्नॅप-ऑन ही कंपनी उभी राहिली. त्याआधी बहुतेक मेकॅनिकना प्रत्येक मापाला स्वतंत्र एकसंध पाना लागे. सुटी गोटी आली, तशी ती नीट ठेवण्याची जबाबदारीही आली.

गोट्या दांड्याच्या चौकोनानुसार वेगळ्या ठेवाव्यात. गॅरेजच्या भाषेत पाव इंच म्हणजे दोन सूत, मग तीन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत आणि त्यापुढे पाऊण इंच. दोन सुताचा संच डॅशबोर्ड आणि आतल्या नाजूक स्क्रूंसाठी, तीन सुताचा इंजिनासाठी, अर्ध्या इंचाचा चाके आणि सस्पेन्शनसाठी. पाऊण इंची संच ट्रक-ट्रॅक्टरचा. तो इतका जड असतो की मोटारीच्या ट्रॉलीत त्याला जागा देऊच नये. गोट्या उभ्या, आकडा वर दिसेल अशा ठेवाव्यात. लांब गोट्या मागच्या ओळीत आणि आखूड पुढच्या ओळीत ठेवल्या की हात न बघताही बरोबर जागी जातो.

बाकीच्या खणांना वजनाचा नियम लागू होतो. दुसऱ्या खणात उरलेले पाने आणि रिंग पाने, तिसऱ्यात पकडी, स्क्रू ड्रायव्हर आणि एलन की, त्याखाली मोजमापाची हत्यारे, आणि तळाला हातोड्या, पुलर, टॉमी, इम्पॅक्ट गन. जड वस्तू वर ठेवून एकदम दोन खण बाहेर ओढले तर भरलेली ट्रॉली पुढे कलंडून पायावर येते. चांगल्या ट्रॉलीत एका वेळी एकच खण उघडू देणारी कळ असते. स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची ट्रॉली बनवून घेताना ही कळ सहसा राहून जाते. तिथे काटकसर करू नये.

मोजमापाच्या हत्यारांना मऊ अस्तराचा स्वतंत्र खण हवा. टॉर्क रेंच हे दिसायला दणकट पण आतून स्प्रिंगवर चालणारे हत्यार आहे. छोट्या मोटारींचे चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर जोराने आवळले जातात. काम झाल्यावर रेंच त्याच आकड्यावर सोडली तर आतली स्प्रिंग सतत दाबलेली राहते आणि माप सरकते. म्हणून ती नेहमी पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणूनच ठेवायची. ‘आयएसओ ६७८९’ या मानकाप्रमाणे दर बारा महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यावर तिची तपासणी करायला हवी. हातोडीच्या खणात फेकलेल्या रेंचला तो हिशेब उरत नाही. शेजारी व्हर्निअर आणि फीलर गेज. व्हॉल्व्हची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, आणि गंज चढलेली किंवा मुडपलेली पाती ती चुकीचीच सांगते. सोलापुरातच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशीच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट घडवते. कारखान्यात एवढ्या काटेकोरपणे तयार झालेला भाग गॅरेजात वाकड्या पात्याने मोजला जावा, याचे वाईट वाटते.

प्रत्येक हत्याराला कापून दिलेली जागा असणे हा मांडणीचा गाभा. त्यासाठी दोन रंगांच्या फोमच्या शीट लागतात, उदाहरणार्थ वर काळी आणि खाली पिवळी. हत्यार वरच्या शीटवर ठेवून पेन्सिलीने आकार काढायचा, धारदार ब्लेडने तेवढाच भाग कापायचा, बोट घालायला बाजूला अर्धगोल खाच ठेवायची आणि ही शीट पिवळीवर बसवायची. पाना जागेवर नसला की पिवळा आकार चटकन डोळ्यात भरतो. पॅकिंगचा थर्माकोल वापरण्याचा मोह टाळावा, कारण पेट्रोल लागताच तो विरघळतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त उकाडा होतो. अशा वेळी चिकटपट्टीवरची लेबले सुटून येतात. आकडे तेलरंगाने लिहावेत किंवा पत्र्यावर कोरावेत. शब्दांपेक्षा आकडेच बरे, कारण इथल्या एकेका गॅरेजात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी बोलणारे हात एकत्र काम करतात, आणि ‘१४’ सगळ्यांनाच वाचता येते.

जपानी कारखान्यांतल्या ‘५ एस’ पद्धतीत निवड, मांडणी आणि सफाई या पहिल्या तीन पायऱ्या हेच सांगतात. पण रिकामी जागा दिसण्याचे महत्त्व नीटनेटकेपणापुरते नाही. इंजिनावर विसरलेला पाना गाडी सुरू होताच पट्ट्यात किंवा पंख्यात सापडू शकतो. बॅटरीच्या धन टोकावरून गाडीच्या अंगाला टेकलेला पाना शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून नेतो आणि लालबुंद होतो. विमानांच्या देखभालीत हत्यारांच्या आकृत्यांचे फलक याचसाठी असतात आणि एक जरी हत्यार कमी भरले तरी ते सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. गॅरेजसाठी नियम तोच : बॉनेट बंद करण्याआधी ट्रॉलीचे खण पाहायचे. हे काम शिकाऊ मुलावर ढकलले जाते, पण ज्याने काम केले त्यानेच ते केले तर चूक लवकर सापडते. ट्रॉलीचा माथा मात्र काम चालू असताना मोकळाच ठेवावा. तिथे हाताशी लागणारी चार हत्यारे आणि सुटे नट-बोल्ट ठेवायची चुंबकी ताटली एवढेच पुरे.

कोकणात हत्यारांचा शत्रू गंज. सोलापुरात तो धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ खणांच्या बेअरिंगच्या पट्ट्यांत शिरते आणि तिथे जाड ग्रीस भरलेले असेल तर त्याचा लगदा होऊन खण अडकतात. ग्रीस पुसून कोरडे ग्रॅफाइट किंवा सिलिकॉनचा हलका फवारा मारणे चांगले. कॉम्प्रेसरच्या हवेने खण झाडले तर धूळ निघण्याऐवजी आणखी आत बसते. कापडाने पुसून काढावी. टेरी टॉवेलच्या या शहरात टॉवेलची चिंधी मिळणे अवघड नसते. वापरलेली तेलकट चिंधी ट्रॉलीत न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावी, म्हणजे आगीचा धोका टळतो.

चाकांकडे खरेदीच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. सोलापूर-कलबुर्गी पट्ट्यातल्या पुष्कळ शेडमध्ये शहाबादी फरशी असते. तिच्या सांध्यांत छोटी चाके अडकतात आणि भरलेली ट्रॉली धक्का खाते. निदान पाच इंची चाके असावीत, दोन सरळ आणि दोन फिरती, फिरत्यांना ब्रेक. नैसर्गिक रबर तेलाने फुगते, म्हणून पॉलियुरेथेनची चाके टिकतात. ट्रॉली खण बंद करून, मुठीच्या बाजूने ढकलत न्यावी. ओढली तर ती टाचेवर येते. सर्व्हिसिंगच्या खड्ड्याजवळ ब्रेक लावल्याशिवाय ती सोडू नये.

गेल्या काही वर्षांत ट्रॉलीत एका खणाची भर पडली आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ या उत्सर्जन मानकाची इंजिने आली आणि बिघाड शोधण्यासाठी स्कॅनर रोजचा झाला. स्कॅनर, त्याची केबल, मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प एकत्र, तेलाच्या हत्यारांपासून दूर, कोरड्या खणात ठेवावेत. विजेच्या गाड्यांसाठी लागणारी १००० व्होल्टपर्यंत सुरक्षित अशी आवरणाची हत्यारे त्याहून वेगळी. त्यांच्यावर दोन त्रिकोणांचे चिन्ह आणि १००० चा आकडा असतो. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी ही हत्यारे बाहेर काढायची. ती इतर हत्यारांत मिसळू नयेत, कारण पोलादी पान्यावर घासून आवरण चिरले की ते हत्यार विजेच्या कामाला निरुपयोगी होते. सोबतचे रबरी हातमोजे दरवेळी हवा भरून, कुठे छिद्र पडले आहे का ते पाहूनच घालायचे असतात.