वस्तूंच्या अंतरंगात, भाग १४ : दिवा गेल्यावरचा उजेड

अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणतात. रिक्षामागची पट्टी रेडियमची, घड्याळाचे काटे रेडियमचे, मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्याही रेडियमच्याच. यातली रिक्षाची पट्टी नुसतं परावर्तन करते. मागच्या गाडीचा दिवा विझला की तीही विझते. जुन्या घड्याळांत मात्र खरोखर रेडियम असे, आणि अमेरिकेत काटे रंगवणाऱ्या कामगार मुलींच्या हाडांत शिरून त्यानं अनेकींचे जीव घेतले. छतावरच्या चांदण्यांत आणि जिन्यातल्या हिरव्या ‘बाहेर’च्या पाट्यांत किरणोत्सर्ग नावालाही नसतो. तिथं घडतं ते प्रस्फुरण.

मागच्या भागात पाहिलेला एलईडीतला फॉस्फर, म्हणजे चमकणारा पदार्थ, प्रकाश घेतो आणि क्षणात सोडून देतो. चांदणीतला फॉस्फर तो तासन्‌तास कसा पुरवतो?

स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकून पडतील असे खळगे असतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उसळतो आणि परतीच्या वाटेवर एखाद्या खळग्यात पडतो. खोलीतल्या साध्या उष्णतेचे धक्के त्याला बसत राहतात. एखादा धक्का पुरेसा लागला की तो बाहेर येतो, आपल्या जागी परततो आणि प्रकाशाचा एक कण सुटतो. सगळी मेख खळग्याच्या खोलीत आहे. उथळ असेल तर सगळे मिनिटभरात बाहेर पडतात. फार खोल असेल तर कुणीच वर येत नाही. साधारण ०.६ ते ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा खळगा आपल्या हवामानाला मानवतो.

पूर्वी तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड वापरत. तासाभरात ते मंदावे. १९९३ साली जपानच्या नेमोटो कंपनीतल्या संशोधकांना स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही दोन विरल मृत्तिका-मूलद्रव्यं एकत्र घातली की काय होतं ते दिसलं. हिरवा उजेड रात्रभर टिकला. प्रकाश देतं युरोपियम; इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याचं काम डिस्प्रोसियमकडे, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

हेच डिस्प्रोसियम आपल्या शेजारी अगदी वेगळ्या कामाला लावलेलं आहे. वाशीहून मानखुर्दकडे निघालेली लोकल खाडीपुलावर आली की डाव्या खिडकीतून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या तयार केल्या. किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यात, म्हणजे टीएलडी बॅजमध्ये, १९७५ पासून देशभर त्याच वापरल्या जातात. इथे डिस्प्रोसियम स्वतः प्रकाश देतं, आणि खळगे मुद्दाम खोल ठेवलेले असतात. अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाची नोंद तीन महिने त्यांत जपली जाते. पुढे प्रयोगशाळेत चकती पावणेतीनशे अंशांच्या वर तापवली की साठलेलं सगळं एकदम उजळतं, आणि त्या उजेडावरून मात्रा मोजतात. कॅन्सर रुग्णालयात किरणोपचार देणाऱ्या तंत्रज्ञाचं आरोग्य या चकतीवर अवलंबून आहे. खळगा इतका खोल करून दाखवण्यातलं हे कौशल्य मला चांदण्यांपेक्षाही मोलाचं वाटतं.

आता चांदण्यांकडे परत येऊन त्यांची चमक वाढवायची कशी, ते पाहू. पहिली अडचण भट्टीतच येते. हिरवा उजेड देणारं युरोपियम द्विसंयुजी असावं लागतं. हवेत भाजलं तर ते त्रिसंयुजी राहतं आणि लालसर चमकतं. म्हणून १३०० अंशांच्या आसपास, नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून किंवा मुशीभोवती कोळसा ठेवून भाजतात. चिमूटभर बोरिक ॲसिड घातलं की कण नीट वाढतात. युरोपियम जास्त घालून मात्र उजेड वाढत नाही. अणू फार जवळ आले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत वाया जाते.

मोठे कण अधिक उजळ असतात, पण छपाईच्या शाईला बारीक पूड लागते. ती मिळवायला दळलं की कणांचा पृष्ठभाग मोडतो आणि चमक घटते. शिवाय स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट पाण्यानं विघटित होतं. ऐरोली-बेलापूरच्या पावसाळ्यात भिंती महिनोन्‌महिने ओल्या असतात. तिथे कणांवर सिलिकासारखं आवरण नसेल तर पाटी काही मोसमांतच निकामी व्हायची. ती लावतानाही काळजी हवी. खाली पांढरा थर दिला तर मागे जाणारा उजेड पुढे परततो. पाटीवर दिवसभर पांढरा किंवा निळसर प्रकाश पडायला हवा. पिवळट, मंद बल्बखाली ती भरतच नाही. आपल्या इमारतीच्या जिन्यातला दिवा दिवसा बंद ठेवत असाल तर वीज गेल्यावर ती पाटी दिसेल अशी खात्री धरू नका. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली झालेल्या बॉम्बस्फोटानंतर तिथल्या जिन्यांत चमकणारा रंग लावला होता, आणि २००१ च्या हल्ल्यात उतरणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला. म्हणून हा विषय मला खेळण्यापुरता वाटत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहा. दोन चांदण्या एकाच उन्हात ठेवा, मग एक फ्रीझरमध्ये आणि दुसरी अंधाऱ्या कपाटात टाका. तासाभरानं पाहिलंत तर फ्रीझरमधली अगदी मंद दिसेल. तिला तळहातावर धरून ऊब द्या. थोड्या वेळात ती दुसरीपेक्षा उजळ होईल. थंडीत अडकून राहिलेले इलेक्ट्रॉन तुमच्या हाताच्या उबेनं सुटू लागलेले असतात.

लाल रंगाची चांदणी अजून हिरवीइतकी का टिकत नाही, ते पुढच्या आठवड्यात.