२२ तासांची राखण

पीं-पीं असा आवाज सारखा येत होता आणि कोणी मान वर करत नव्हतं. पुण्यातल्या एका लग्नाच्या फोटो-व्हिडिओ स्टुडिओत मी भाचीच्या लग्नाचा पेन ड्राइव्ह घ्यायला गेलो होतो. "ते आठवडाभर वाजतंय, काही होत नाही त्याने," एडिटिंगला बसलेला मुलगा एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाला.

काही होत नव्हतं, तेच मला खटकलं. आवाज येत होता त्या कोपऱ्यातल्या स्टोरेजच्या डब्यातल्या पाच डिस्कांपैकी एक मेली होती आणि तरी हळदीपासून सप्तपदीपर्यंत सगळं पडद्यावर सुरळीत चाललं होतं. दुरुस्तीवाले काका दुसऱ्या दिवशी येणार होते. मालकांना विचारून मीही जाऊन बसलो.

काकांनी पिशवीतून आधी मास्किंग टेपचं रीळ काढलं. डब्याच्या तोंडाशी पाच ट्रे. प्रत्येकावर टेपचा तुकडा, त्यावर बॉलपेनने सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे. स्क्रीनवरचा नंबर, ट्रेवरचा नंबर, परत स्क्रीन. लाल दिवा तिसऱ्या ट्रेवर स्पष्ट दिसत होता, तरी त्यांनी दोनदा ताडून पाहिलं. "मेलेली डिस्क राहते आत आणि चांगली येते हातात. मग माझ्याकडे रडत येतात." टेप दाबून बसवणाऱ्या त्या अंगठ्याकडेच माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात राहिलं.

यामागचा हिशेब सोपा आहे. चार डिस्कांवर एकेक बिट, आणि त्या चार बिटांतल्या १ या अंकांची संख्या सम की विषम, एवढी नोंद पाचवीवर. एक बिट हरवला तर उरलेल्यांवरून काढता येतो; दोन हरवले की हिशेब बसत नाही. ही नोंद एकाच डिस्कवर न ठेवता पाचांवर फिरती ठेवली की झालं रेड ५. ही सगळी मांडणी बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात केली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा ताफा लावायचा, आणि ताफा म्हटलं की त्यातलं कोणीतरी आजारी पडणारच, हे आधीच धरून चालायचं.

काकांनी नवी डिस्क लगेच घातली नाही. "ज्यांची डिलिव्हरी बाकी आहे ती लग्नं आधी बाहेर काढा." त्यात अर्धा दिवस गेला. मालक घड्याळ बघत होते.

मग आकडा आला. १६ टीबीची डिस्क, सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने भरायची तर २२ तास. "आणि हे २२ तास कोणी काम केलं नाही तर," काका एडिटरकडे बघून म्हणाले. या वेळात उरलेल्या चार डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे ६४ टीबी. वर्षभर कोणी न उघडलेल्या फायलींमागचे खराब सेक्टरही याच वेळी सापडतात. ते आधीच सापडावेत म्हणून महिन्याला सगळी डिस्क वाचून घ्यायची सोय डब्यात असते, स्क्रबिंग नावाची. इथे ती बंद होती. मशीन स्लो होतं म्हणे.

उरलेल्या चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, नंबर जवळपास लागोपाठचे. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि त्याच गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. डिस्क बिघडायला सरासरी दहा लाख तास लागतात, या कंपन्यांच्या दाव्यानुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्का बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास, काही ठिकाणी १३ पर्यंत. शिवाय हे बिघाड सुटेसुटे न येता जोडीने येतात. माहितीपत्रकावर विसंबणाऱ्याने हे वाचून २२ तास झोपून दाखवावं.

पुण्यात गुरुवारी लाइट जाते, म्हणून काकांनी यूपीएसही तपासला. डेटा लिहिला गेला आणि सम-विषमची नोंद व्हायच्या आत वीज गेली, तर दोन्हींचा मेळ राहत नाही, आणि डबा ती चूक निमूटपणे खरी धरून चालतो.

मला या यंत्राचं कौतुक आहे, पण राग त्याहून जास्त आहे. ते एवढं चोख सांभाळून घेतं की माणसं बिनधास्त होतात. माणसांनी जागं व्हावं म्हणूनच तर भोंगा वाजला, आणि आठवडाभर तो पंख्याच्या आवाजात जमा झाला.

दुसऱ्या दिवशी डिस्क भरून झाली, दिवे हिरवे झाले. काकांनी कोटेशन पुढे ठेवलं : दोन डिस्का गेल्या तरी तगणारं रेड ६, आणि दुसऱ्या जागी बॅकअपचा वेगळा डबा. मालकांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "अहो, पाच डिस्का आहेत की! आणखी डबा कशाला?"

"तुमच्या पोराने चुकून एखादं लग्न डिलीट केलं तर ते पाचांवरूनही जातं. आणि इथे आग लागली तर पाचही एकाच खोलीत."

"बरं, सीझन संपला की बघू."

"चालेल," काका म्हणाले. बिल उलटं करून त्यांनी मागे लिहिलं, 'बॅकअप नको असे सांगितले', तारीख टाकली आणि पेन मालकांपुढे केलं. मालकांनी जरा तोंड वाकडं करून सही केली.