वारेतील रक्त वाहते कसे राहते?

विळीने बोट कापले तर थोड्याच मिनिटांत रक्त थांबते. हे काम प्रथम रक्तातील बिंबिका करतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. रक्तवाहिनीचे नाजूक अस्तर फाटले, की त्या एकमेकींना चिकटून जखमेचे तोंड बुजवितात.

आता गर्भवती स्त्रीच्या वारेचा विचार करा. तेथे मातेचे रक्त स्वतःच्या वाहिन्यांबाहेर येऊन वारेच्या सूक्ष्म अंकुरांभोवती खेळत असते. दिवस भरत येतात तेव्हा मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त असे वाहते. तेथे बिंबिकांचे पुंजके झाले, तर बाळाचे अन्न आणि प्राणवायू दोन्ही तुटतील. सहसा तसे होत नाही, ही वारेचीच किमया होय.

बिंबिका एकमेकींना जणू हाक मारण्यासाठी एडीपी हे द्रव्य सोडतात; अंकुरांवरील एंझाइम ते मोडून टाकते. शिवाय वारेत प्रोस्टासायक्लिन तयार होते. इंग्लंडमध्ये जॉन व्हेन, मोंकाडा व त्यांचे सहकारी यांनी 1976 साली शोधलेले हे द्रव्य बिंबिकांना चिकटू देत नाही व वाहिन्या सैल ठेवते. उलट गुणाचे थ्रॉम्बॉक्सेनही वारेत निर्माण होते. ते 1975 साली स्वीडनमध्ये सॅम्युएलसन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. व्हेन व सॅम्युएलसन हे दोघे 1982 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

या दोहोंचा तोल थ्रॉम्बॉक्सेनकडे झुकलेला आढळतो, तो प्री-एक्लॅम्प्सिया या विकारात. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब 140/90 वर जाणे, लघवीतून प्रथिन जाणे ही त्याची ठळक चिन्हे होत. अ‍ॅस्पिरिनची अल्प मात्रा बिंबिकांतील थ्रॉम्बॉक्सेन रोखते. धोका अधिक असलेल्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज 150 मिलिग्रॅम दिल्यास, दिवस भरण्यापूर्वी उद्भवणारा हा विकार निम्म्याहून कमी झाल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मात्र ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कदापि घेऊ नये.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. उपाय लवकर सुरू व्हावयाचा, तर पहिली तपासणीही पहिल्या तीन महिन्यांतच झाली पाहिजे. पुढे तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा तोंडावर सूज दिसली, तर "गरोदरपणात असे व्हायचेच" म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी स्वस्थ बसू नये. सुनेला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.