कांजिण्यांची लस : गणती कशी करावी ?

सांगलीच्या विश्रामबागेंत किती मुलांना कांजिण्यांची लस टोंचली गेली आहे, असा प्रश्न कोणी केला, तर उत्तर सोपें वाटेल. लसीच्या कुप्या किती खपल्या तें मोजलें कीं झालें ! परंतु हें उत्तर पुरें नाहीं. तें कां पुरें नाहीं, हेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

लसीकरणाचें प्रमाण म्हणजे एक अपूर्णांक. लस घेतलेलीं मुलें हा त्याचा अंश, आणि त्या वयाचीं वस्तींतलीं सारीं मुलें हा छेद. कुप्यांवरून अंशहि नीट कळत नाहीं. कारण बालरोगतज्ज्ञ या लसीच्या दोन मात्रा सुचवितात. मग शंभर कुप्या म्हणजे शंभर मुलें, कीं पन्नास ? छेदाचा तर तींत पत्ताच नसतो. मिरजेचें मूल विश्रामबागेच्या दवाखान्यांत लस घेऊन जातें. उंसाच्या तोडणीसाठीं आलेल्या कुटुंबाचें मूल कोणाच्याच वहींत नसतें.

देवीच्या रोगानें हा धडा पूर्वींच दिला आहे. १९६२ सालीं भारतांत देवीनिर्मूलनाचा कार्यक्रम निघाला. तीन वर्षांत शेंकडा ८० लोकांना टोंचावें, असा संकल्प होता. टोंचण्यांचे आंकडे मोठे झाले. परंतु शाळेंत सहज सांपडणाऱ्या मुलांनाच पुष्कळदां पुनः पुनः टोंचलें गेलें, आणि झोपडींतलें तान्हें मूल राहून गेलें. आंकडा वाढला, तरी देवी हटली नाहीं.

मग खरी गणती कशी करावयाची ? जागतिक आरोग्य संघटनेनें रूढ केलेली एक रीत अशी : लोकसंख्येच्या मानानें ३० वस्त्या निवडावयाच्या, प्रत्येक वस्तींत ७ मुलें, म्हणजे एकूण २१० मुलें पाहावयाचीं. घरीं जाऊन लसीचें कार्ड तपासावयाचें. कार्ड नसेल तर आईला विचारावयाचें. केवळ कार्डवाल्यांची गणती केली तर चित्र अधिक गोंडस दिसतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकीं सर्व मूलभूत लसी घेतलेलीं मुलें शेंकडा ७६.४ भरलीं; कार्डाची नोंद असलेल्यांपुरतेंच पाहिलें, तर हाच आंकडा ८३.८ होतो.

कांजिण्यांची लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणांत नाहीं. ऐपत असलेले पालक ती पैसे देऊन घेतात. म्हणून तिचा सबंध हिशेब एके ठिकाणीं सांपडत नाहीं. यांत बिघडलें काय, असें आपण म्हणाल. कांजिण्या लहानपणीं बहुधा सौम्य असतात. प्रौढांना, विशेषतः गर्भवती स्त्रियांना, त्या जड जातात. निम्म्याशिम्म्या मुलांनींच लस घेतली तर रोगाचा फैलाव मंदावतो, आणि लस न मिळालेल्या मुलांना तो बालपणीं न गांठतां मोठेपणीं गांठण्याचा संभव वाढतो. याच कारणानें, शेंकडा ८० वा अधिक मुलांपर्यंत लस पोंचवून तें प्रमाण टिकवितां येत असेल, तरच ती सार्वत्रिक करावी, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं दिला.

तेव्हां गृहस्थांनीं व गृहिणींनीं इतकें करावें. प्रत्येक मात्रेची तारीख कार्डावर लिहून घ्यावी व कार्ड जपून ठेवावें. पाहणी करणारी आरोग्यसेविका दाराशीं आली, तर तिला ‘आमचें सर्व झालें आहे’ एवढें सांगून वाटेस लावूं नये. कार्ड दाखवावें, आणि शेजारच्या बांधकामावर राहणाऱ्या मुलांकडेहि तिला न्यावें. आपलीं मुलें अंशांत आहेत. छेदांत मात्र तींहि मुलें आहेत.