मुंबईची तीन दिवसांची सुट्टी : घारापुरी सोमवारवर ढकलू नका!

बेळगाव : शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की मुंबईला जाणाऱ्या गाड्या भरतात. बेळगावातून रात्री बसमध्ये बसले की सकाळी मुंबई. इंदूरकरांची अवंतिका एक्स्प्रेस आणि हैदराबादकरांची हुसेनसागर एक्स्प्रेस याही रात्रभराच्याच गाड्या. त्यामुळे तीन दिवस पुरेपूर हातात पडतात. मात्र बरेच जण पहिला दिवस पाहुण्यांकडे आणि दुसरा खरेदीत घालवतात आणि ‘बोटीतून बेटावर जाऊ’ हा बेत शेवटच्या दिवशी ठेवतात. गडबड होते ती इथेच. घारापुरीची म्हणजे एलिफंटाची लेणी दर सोमवारी बंद असतात.

बेट रविवारी, तेही सकाळीच

गेटवे ऑफ इंडियावरून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुरू होतात. अंतर साधारण दहा किलोमीटर, वेळ सुमारे तासभर. तिकीट जाण्या-येण्याचे एकत्रच मिळते, त्यामुळे परत येईपर्यंत ते जपून ठेवावे. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुटते, पण तिच्या भरवशावर राहू नये. दुपारी तीन-चारला परत फिरलेले बरे. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद राहतात, तेव्हा आधी चौकशी करूनच निघावे.

लाईफ जॅकेट घालाच

18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर प्रवाशांना लाईफ जॅकेट बंधनकारक करण्यात आले. उकडते, फोटो चांगला येत नाही म्हणून ते काढून मांडीवर घेऊ नका. लहान मुलांच्या मापाचे जॅकेट बोट सुटण्याआधीच मागून घ्या. बोट गच्च भरलेली दिसली तर पुढची धरा.

बेटावर काय पाहाल?

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे. पुढे सुमारे 120 पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांसाठी डोलीवाले मिळतात, पण भाव आधीच ठरवावा. माकडांचा सुळसुळाट असल्याने खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगर कोरून केलेले. त्यातली तीन मुखांची शिवमूर्ती पाच मीटरहून उंच आहे. लोक तिला सरसकट ‘त्रिमूर्ती’ म्हणतात, पण ती ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हे, तिन्ही मुखे शिवाचीच. मूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. मूर्तींची मोडतोड बरीच झालेली असली तरी शिव-पार्वतीच्या लग्नाचा देखावा आणि कैलास हलवणारा रावण चुकवू नये. 1987 पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर अशी तीन गावे आहेत. समुद्राखालून केबल टाकून तिथे कायमची वीज पोचली ती 2018 साली. इथल्या अनेक घरांची चूल पर्यटकांवर चालते. म्हणून जेवण, ताक, सरबत बेटावरच घ्या.

शनिवार आणि सोमवारचे काय?

शनिवारी गेटवेजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत पाहता येते. सोमवारी भायखळ्याच्या राणीबागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. तिथल्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा तो उचलताना पडून फुटला. पुढे तुकडे जोडून तो इथे उभा केला. हे संग्रहालय मात्र बुधवारी बंद असते.

थोडक्यात, शनिवारी शहर, रविवारी बेट, सोमवारी हत्ती. एवढा क्रम पाळला की गेटवेवर जाऊन हात हलवत परत यायची वेळ येणार नाही.