कर्कपेशीला साखर हवी कशाला?

बर्लिनमध्ये 1920च्या दशकात ओटो वारबुर्ग यांनी गाठींचे पातळ काप घेऊन त्यांचा श्वसनवेग मोजला, तेव्हा एक कोडं समोर आलं. प्राणवायू भरपूर असूनही त्या पेशी बरंचसं ग्लुकोज अर्धवटच मोडत होत्या आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या. हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार. ग्लुकोजचा एक रेणू पुरता जाळला तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे तीसेक रेणू मिळतात. अर्धवट मोडला तर दोनच. वारबुर्ग यांना वाटलं, पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच बिघडल्या असाव्यात. पण बहुतेक गाठींमध्ये त्या चालू असतात.

खरी निकड इंधनापेक्षा सामानाची असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नव्या आवरणासाठी मेद हवा, डीएनएसाठी न्यूक्लिओटाइड हवेत, प्रथिनंही दुप्पट हवीत. घर बांधायला निघालेल्याने सगळं लाकूड चुलीत घातलं तर वासे कशाचे करायचे? ग्लुकोज पुरतं जाळलं की त्यातला कार्बन वायू होऊन निघून जातो. मोडणीच्या वाटेवर मधेच वळवला तर त्याचं बांधकाम होतं. लॅक्टिक आम्लातून बराच कार्बन वाया जातो, हे खरंच. पण ते बनताना एनएडी हा सहघटक पुन्हा मोकळा होतो आणि मोडणीचा वेग टिकतो.

आता ऑन्कोजीनकडे, म्हणजे बदलल्यावर कर्करोगाला चालना देणाऱ्या जनुकांकडे येऊ. रक्तात ग्लुकोज कायम असतं, तरी निरोगी पेशी ते मनाला येईल तितकं उचलत नाही. वाढीचा निरोप बाहेरून यावा लागतो. तो आत पोचवणाऱ्यांपैकी एक म्हणजे रास हे प्रथिन: निरोप आला की चालू, काम झालं की बंद. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये रासच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असल्याचं 1982मध्ये उघड झालं. प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलिन आलं होतं. एवढ्याने रास चालूच राहतं. निरोप नसतानाही पेशी ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिनं वाढवते. मिक नावाचं दुसरं जनुक अतिसक्रिय झालं की लॅक्टिक आम्ल बनवणारं एन्झाइम वाढतं, शिवाय ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा वापरही वाढतो.

म्हणूनच ‘साखर सोडा, गाठ उपाशी मरेल’ हा सल्ला मला घातक वाटतो. गोड बंद केलं तरी यकृत रक्तात ग्लुकोज पुरवतच राहतं, आणि कर्कपेशीला ग्लुटामिनसारखे दुसरे स्रोतही असतात. वजन मात्र आधीच खंगलेल्या रुग्णाचं उतरतं.

कर्कपेशीच्या ग्लुकोजसाठीच्या या हावरेपणाचा उपयोग पेट स्कॅनमध्ये होतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य शिरेतून देतात. पेशी ते आत घेते, त्यावर फॉस्फेट चढवते, पण पुढे मोडू शकत नाही. ते तिथेच साचतं आणि चित्रात उजळून दिसतं. मेंदूही उजळतो, कारण तो मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. क्षयाच्या गाठीही उजळतात, म्हणून आपल्याकडे पेटमध्ये संशयास्पद ठिपका दिसला तर निदान पक्कं करायला अनेकदा बायोप्सी लागते.