तबकडीवर नसलेले नाव

उभे आयुष्य कामगारांच्या सभांत गेलेल्या माणसाने अमेरिकेतल्या गाण्यांविषयी काय सांगावे, असे तुम्हांला वाटेल. परंतु तबकडी हा देखील मालच आहे. आणि माल म्हटला की तो घडविणारे हात आले.

१९६०च्या सुमारास तिकडे तीन-चार तरुण मुलींनी मिळून गायिलेल्या गाण्यांची लाट आली. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार ध्वनिमुद्रणगृहात फिल स्पेक्टर हा निर्माता एकच सुरावट अनेक गिटारांवर आणि पियानोंवर एकदम वाजवून घेई. तो नाद प्रतिध्वनीच्या खोलीत घुमवून पुन्हा टिपला जाई. म्हणून तो भिंतीसारखा भरीव लागतो.

१९६२ साली ‘हीज अ रेबेल’ हे गाणे ‘क्रिस्टल्स’ या संचाच्या नावाने निघाले व अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. गंमत अशी, की त्या संचातली एकही मुलगी त्यात गायिली नव्हती! आवाज डार्लीन लव्ह यांचा होता. तबकडीवर मात्र त्यांचे नाव नव्हते. पुढे एके काळी पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरची साफसफाई केली. २०११ साली त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले.

२००५ साली अशा विस्मृत गाण्यांचा मोठा संग्रह निघाला. ती गाणी जरूर ऐका. पण ऐकताना विचारा, गाते कोण? हजेरीपटावर नाव नसेल, तर मजुरी कुणाच्या नावाने मागायची? जुनी तबकडी धुंडाळणे ही नुसती हौस नव्हे; ती राहून गेलेली हजेरी भरणे आहे.